प्रकार्यवादावरील टीका: कोणती लागू पडते आणि कोणती पडत नाही

प्रश्न तीन भागांत विचारला आहे. समाजशास्त्रातील प्रकार्यवादी दृष्टिकोन नेमके काय सांगतो. त्यावर पाठ्यपुस्तकांत जी टीका दिलेली असते ती सगळी सारख्याच वजनाची आहे का. आणि हा दृष्टिकोन मोडीत निघाला असेल तर तो अजून शिकवला का जातो व त्याचा प्रमुख प्रवर्तक, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पार्सन्स, मुळातून वाचण्याची गरज आहे का. पदव्युत्तर वर्गांना हा विषय बरीच वर्षे शिकवल्यावर आणि त्यावरच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर माझे असे मत झाले आहे की खरी अडचण दुसऱ्या भागात आहे. ‘संघर्षाकडे दुर्लक्ष करतो, परिवर्तन समजावून देऊ शकत नाही, स्थितिवादी आहे, प्रयोजनवादी आहे’ ही चार वाक्ये विद्यार्थी एका दमात लिहून मोकळे होतात. त्यांतली पहिली तीन काही विशिष्ट लेखकांना, तीही काही मर्यादेतच, लागू पडतात. चौथी मात्र, म्हणजे एखादी गोष्ट तिच्या परिणामासाठीच अस्तित्वात आहे असे मानल्याची टीका, या विचारपद्धतीच्या मुळाशी जाते. म्हणून या उत्तरात मी चौथीला अधिक जागा देणार आहे.

आधी शब्दाबद्दल थोडे. मराठीत या दृष्टिकोनाला कोणी कार्यवाद म्हणतात, कोणी प्रकार्यवाद. ‘कार्यकारणभाव’ या आपल्या रुळलेल्या शब्दात ‘कार्य’ म्हणजे परिणाम आणि ‘कारण’ म्हणजे तो परिणाम घडवणारी गोष्ट. प्रकार्य हाही एक प्रकारचा परिणामच असतो: समाजाचा एखादा भाग, म्हणजे एखादी संस्था, रूढी किंवा भूमिका, ज्या समग्र व्यवस्थेत असते त्या व्यवस्थेच्या टिकण्याला जो हातभार लावते तो परिणाम. प्रकार्यवादावरची सर्वांत जड टीका आपल्या भाषेत एका वाक्यात सांगता येते, ती अशी की त्याने कार्यालाच कारण मानले. हे लक्षात ठेवले की पुढचा बराचसा वाद आपोआप उलगडतो.

एक साधे उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत हाताशी ठेवू. एखाद्या कार्यालयात दर सोमवारी सकाळी बैठक होते. विषयपत्रिका निघते, इतिवृत्त लिहिले जाते, पण निर्णय आधीच्या आठवड्यात दोन-तीन माणसांनी घेतलेले असतात. बैठकीत कोण कुठल्या खुर्चीवर बसतो, कोणाचे बोलणे मध्येच तोडता येते आणि कोणाचे येत नाही, कोण उशिरा आला तरी चालतो, हे सगळ्यांना दिसते. नव्या माणसाला कार्यालयाची उतरंड कोणी समजावून सांगावी लागत नाही, तासाभरात ती कळते. बैठकीचा जाहीर हेतू निर्णय घेणे हा आहे आणि तो साधत नाही. तरीही बैठक काहीतरी करते, ती उतरंड दर आठवड्याला नव्याने मांडते. इथपर्यंत जे सांगितले ते प्रकार्यात्मक वर्णन झाले आणि ते मला पूर्णपणे रास्त वाटते. ‘म्हणूनच ती बैठक भरते’ असे पुढे कोणी म्हणाले की मात्र आपण वर्णनाची हद्द ओलांडून स्पष्टीकरणाच्या हद्दीत शिरतो, आणि तिथे पुरावा वेगळा लागतो.

ही हद्द फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाईमने फार लवकर आखून दिली होती, हे टीकाकार बहुधा विसरतात. ऑगस्ट कॉम्त आणि हर्बर्ट स्पेन्सर यांनी समाजाची तुलना सजीवाच्या शरीराशी केली होती आणि अवयव व त्यांची कार्ये ही भाषा तिथून आली, हे खरे. परंतु डरखाईमने १८९५ साली समाजशास्त्रीय पद्धतीच्या नियमांवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट बजावले की एखादे सामाजिक तथ्य उपयुक्त आहे असे दाखवल्याने ते कसे उद्भवले हे समजत नाही. त्यामुळे ते निर्माण करणारे कारण आणि ते पार पाडत असलेले प्रकार्य यांचा शोध स्वतंत्रपणे घेतला पाहिजे. त्याच्या १८९३ च्या श्रमविभाजनावरील ग्रंथाची रचनाच या नियमाप्रमाणे आहे. पहिल्या भागात तो श्रमविभाजनाचे प्रकार्य विचारतो आणि उत्तर देतो की आधुनिक समाजात ते माणसांना एकमेकांवर अवलंबून ठेवून सेंद्रिय एकता निर्माण करते. दुसऱ्या भागात तो कारण विचारतो, तेव्हा एकतेची गरज हे उत्तर देत नाही. लोकसंख्या वाढली, माणसांमधला संपर्क दाट झाला, त्यामुळे जगण्याची स्पर्धा तीव्र झाली आणि त्या स्पर्धेतून वाट काढताना कामे वेगवेगळी होत गेली, असे तो सांगतो. तिसरा भाग तर लादलेल्या आणि प्रमाणकशून्य, म्हणजे नियमांचे बंधन न उरलेल्या, अशा विकृत श्रमविभाजनावर आहे. सुसंवादाशिवाय दुसरे काही न दिसणारा लेखक असा भाग लिहिणार नाही.

अर्थात डरखाईमने हा नियम सर्वत्र पाळला असे मी म्हणणार नाही. गुन्हा ही समाजाच्या दृष्टीने सामान्य गोष्ट आहे, संतांच्या समाजातही क्षुल्लक चुकांना गुन्ह्याचे स्थान मिळेल, आणि शिक्षेमुळे सामूहिक भावना पुन्हा पक्क्या होतात, हे त्याचे विवेचन सुंदर आहे. मात्र ते वाचताना गुन्हा का घडतो आणि गुन्ह्यामुळे काय घडते या दोन प्रश्नांमधले अंतर नकळत पुसट होत जाते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विचार मानवशास्त्रात वाढला, आणि तिथे एक वाद झाला जो मला नेहमी शिकवण्याजोगा वाटतो. ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉव्स्कीने ट्रोब्रिअँड बेटांवर पाहिले की खाजणातल्या शांत पाण्यात मासे धरणारे लोक कसलीही जादू करत नाहीत. तिथे विष वापरून मासे मिळवण्याची पद्धत सोपी, बिनधोक आणि खात्रीची असते. खुल्या समुद्रातील मासेमारीत मात्र जीवाला धोका असतो आणि काय हाती लागेल याचा भरवसा नसतो, आणि तिथे जादूचे विधी भरपूर असतात. १९२५ च्या आपल्या निबंधात त्याने यावरून असा निष्कर्ष काढला की ज्ञान आणि कौशल्य जिथे संपते तिथे जादू माणसाला धीर देते, चिंता कमी करते. निरीक्षण इतके नेमके आहे की निष्कर्ष आपल्याला लगेच पटतो. परंतु १९३९ साली ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊनने त्यावर बोट ठेवले: त्या विधींची परंपरा नसती तर माणसाला जी भीती वाटलीच नसती, ती भीती आणि असुरक्षितता हे विधीच त्याच्या मनात निर्माण करतात, असेही तितक्याच जोराने म्हणता येईल. त्याच्या मते विधीचे प्रकार्य व्यक्तीच्या मनात शोधायचे नसून समाजाच्या संरचनेत शोधायचे असते. विधी समाजाला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टींकडे सर्वांचे लक्ष वेधतो आणि त्या भावनेवर समाजाची घडी टिकते.

हा वाद मी इतक्या तपशिलाने सांगतो याला कारण आहे. विधी एकच, माहिती तीच, दोघेही प्रकार्यवादी. आणि एक म्हणतो विधी चिंता घालवतो, दुसरा म्हणतो विधी चिंता आणतो. दोघांपैकी कोणाचे खरे हे ठरवायचे कसे, याची काही कसोटी दोघांच्याही पद्धतीत नव्हती. जॉर्ज होमन्सने १९४१ मध्ये दोघांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला: मूळ चिंतेतून विधी निघतो, आणि विधी नीट पार पडला नाही तर दुसऱ्या प्रकारची चिंता उभी राहते. सांगड चांगली आहे, पण प्रकार्य सहज सुचते आणि सिद्ध करणे अवघड असते ही अडचण तिने मिटत नाही.

टॅलकॉट पार्सन्सकडे येताना मी थोडा वेग वाढवतो, कारण त्याच्या आराखड्यावरच पाठ्यपुस्तके सर्वांत जास्त पाने खर्च करतात. १९३७ च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात त्याचा प्रश्न असा होता की प्रत्येक माणूस आपापला हेतू साधत असताना समाजात सुव्यवस्था शक्य कशी होते. त्याचे उत्तर, समान मूल्ये अंगी बाणल्यामुळे. १९५१ मध्ये सामाजिक व्यवस्थेवरचा ग्रंथ आला आणि १९५३ च्या सुमारास चार गरजांची प्रसिद्ध चौकट तयार झाली: परिस्थितीशी जुळवून घेणे, ध्येये ठरवून ती गाठणे, घटकांचे एकीकरण करणे आणि मूल्यांचे जतन करून ताण निवळवणे. ढोबळमानाने पहिले काम अर्थव्यवस्थेकडे, दुसरे राज्यसंस्थेकडे, तिसरे कायदा व सामुदायिक बंधांकडे, चौथे कुटुंब, शिक्षण व धर्म यांच्याकडे. ही चौकट वर्गीकरणाला सोयीची आहे. तिने काही समजावून दिले जाते असे मात्र मला वाटत नाही, कारण कोणतीही संस्था कोणत्या ना कोणत्या खणात बसवता येते आणि न बसणारी संस्था कशी दिसेल हे कधीच सांगितले जात नाही.

त्याच पार्सन्सचे रुग्ण-भूमिकेचे विवेचन मात्र वेगळ्या तोडीचे आहे. आजारपण ही केवळ शरीराची अवस्था नसून एक सामाजिक भूमिका आहे, असे तो १९५१ च्या ग्रंथात दाखवतो. आजारी माणसाला नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट मिळते आणि आजाराबद्दल त्याला दोष दिला जात नाही. त्या बदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरायची असते आणि जाणकाराची मदत घेऊन तिला साथ द्यायची असते. अंथरुणावर पडलेला माणूस हसतखेळत दिसला की घरातल्यांच्या नजरा का बदलतात, रजेसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र का लागते, हे या चार अटी लक्षात घेतल्यावर कळते. दीर्घकालीन आजाराला, ज्यात बरे होणे हा शब्दच लागू नाही, ही भूमिका नीट बसत नाही, ही टीका योग्य आहे; पण भूमिका इतकी रेखीव मांडली म्हणूनच ती कुठे बसत नाही हे सांगता आले.

प्रकार्यवादावरची सर्वांत उपयुक्त टीका एका प्रकार्यवाद्यानेच केली. रॉबर्ट मर्टनने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकरणात मानवशास्त्रज्ञांकडून उचललेली तीन गृहीतके वेगळी काढून तपासली: प्रत्येक प्रथा संपूर्ण समाजाला उपकारक असते, प्रत्येक प्रथेला काही ना काही उपकारक प्रकार्य असतेच, आणि त्या प्रकार्यासाठी तीच प्रथा अपरिहार्य असते. दुसऱ्या गृहीतकाचे हसे करण्यासाठी त्याने दिलेले उदाहरण कोणी विसरू नये. क्लाइड क्लकहोन या मानवशास्त्रज्ञाने म्हटले होते की युरोपीय कोटाच्या बाहीवरची आता निरुपयोगी झालेली बटणेसुद्धा ओळखीचे जपण्याचे, परंपरा टिकवण्याचे प्रकार्य करतात, कारण सवयीचे काही चालू राहिले की माणसाला बरे वाटते. असे म्हटले की निरुपयोगी असे जगात काही उरतच नाही, आणि ज्या विधानाला अपवाद असूच शकत नाही ते विधान माहितीही देत नाही.

या तिन्ही गृहीतकांऐवजी मर्टनने जे दिले ते आज आपण न मागता वापरतो. प्रथेचे परिणाम उपकारक असतील तसे अपायकारकही असतात, त्यांना अपकार्य म्हणावे; परिणाम कोणत्या गटाला उपकारक आणि कोणत्या गटाला अपायकारक हे सांगितल्याशिवाय प्रकार्य हा शब्द वापरू नये; एकच गरज अनेक मार्गांनी भागू शकते, म्हणून प्रकार्यात्मक पर्याय शोधावेत; आणि करणाऱ्यांना ठाऊक व अभिप्रेत असलेले प्रकट प्रकार्य व त्यांच्या लक्षात न येणारे अप्रकट प्रकार्य यांत भेद करावा. होपी लोकांचे पर्जन्यविधी पाऊस पाडत नाहीत म्हणून त्यांना अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्याला मर्टन सांगतो की विखुरलेली माणसे त्या निमित्ताने एकत्र येतात आणि गटाची एकजूट दृढ होते. हे परिणाम पावसावर अवलंबून नाहीत. आपली सोमवारची बैठक याच जातीची आहे. अमेरिकी शहरांतल्या भ्रष्ट राजकीय यंत्रणेचे त्याने केलेले विश्लेषणही असेच: ती यंत्रणा गरिबांना कागदपत्रे न मागता आणि अपमान न करता मदत देत होती, म्हणून पर्यायी व्यवस्था न करता नुसते नीतीचे धडे देणाऱ्या सुधारकांच्या हाती फारसे काही लागत नव्हते.

मर्टनची शिस्त न पाळल्यास काय होते याचा नमुना म्हणजे किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांचा १९४५ चा सामाजिक स्तरीकरणावरील लेख. काही पदे समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असतात, त्यांसाठी लागणारी गुणवत्ता व प्रशिक्षण दुर्मीळ असते, म्हणून त्यांना जास्त मोबदला व प्रतिष्ठा द्यावी लागते, आणि म्हणून विषमता सर्व समाजांत आढळते व आवश्यक असते, असा त्यांचा युक्तिवाद. मेल्विन टुमिनने १९५३ मध्ये दिलेले उत्तर या वादात शेवटचा शब्द ठरावे असे मला वाटते. महत्त्व मोजायचे कसे? मोबदला जास्त म्हणून पद महत्त्वाचे आणि पद महत्त्वाचे म्हणून मोबदला जास्त, हे तर वर्तुळ झाले. कारखान्यात अभियंता लागतो तसे अकुशल कामगारही लागतात. त्यांच्याशिवाय कारखाना चालेल का? शिवाय विषमता एकदा रुजली की खालच्या थरातल्या मुलांची गुणवत्ता पुढे येण्याची वाटच बंद होते; म्हणजे ज्या गुणवत्तेचा शोध लावण्यासाठी विषमता हवी असे म्हणतात, तो शोध तीच रोखते. उत्तरपत्रिकेत डेव्हिस-मूर यांच्यावर दोन पाने आणि टुमिनवर दोन ओळी असतात. हे प्रमाण उलटे असावे.

आता टीकांकडे वळू. संघर्षाकडे दुर्लक्ष हा आक्षेप राल्फ डारेनडॉर्फने १९५८ मध्ये पार्सन्सप्रणीत समाजचित्राला यूटोपियाची, म्हणजे कल्पनेतल्या आदर्श समाजाची, उपमा देऊन ठसठशीतपणे मांडला, आणि त्याआधी १९५६ मध्ये डेव्हिड लॉकवुडने दाखवले होते की पार्सन्स मूल्यांबद्दल भरपूर बोलतो आणि साधनसंपत्तीच्या असमान वाटपातून येणाऱ्या हितसंबंधांबद्दल फार थोडे. पार्सन्सपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच १९५६ मध्ये लुईस कोझरने संघर्षाच्या प्रकार्यांवर संपूर्ण पुस्तक लिहिले: बाहेरच्याशी झालेला संघर्ष गटाच्या सीमा स्पष्ट करतो, आतला संघर्ष वेळीच व्यक्त झाला तर संबंध तुटण्यापासून वाचतात. लॉकवुडनेही १९६४ मध्ये म्हटले की संघर्षवाद्यांचा, म्हणजे समाज हितसंबंधांच्या झगड्यातून समजून घेणाऱ्यांचा, मारा मूल्यांच्या एकमतावर उभ्या असलेल्या प्रकार्यवादावर आहे. व्यवस्थेचे भाग एकमेकांशी जुळतात की विसंगत असतात हा प्रश्न त्यांनाही टाळता येत नाही. परिवर्तनाच्या आक्षेपाचेही काहीसे असेच. एडमंड लीचने १९५४ मध्ये उत्तर ब्रह्मदेशातील कचिन समाज दोन आदर्शांमध्ये, सरंजामी उतरंडीचा आणि समतेचा, कसा हेलकावत राहतो हे दाखवून समतोलाच्या कल्पनेला धक्का दिला. दुसरीकडे पार्सन्सने साठच्या दशकात समाजांच्या उत्क्रांतीवर लिहिले, तेव्हा परिवर्तनावर तो गप्प होता असे म्हणता येत नाही; मात्र त्याच्या परिवर्तनात कोणी कोणाला ढकलून पुढे जात नाही, हे खरे.

स्थितिवादी, म्हणजे आहे ती व्यवस्था राखू पाहणारा, असल्याचा आरोप मला सर्वांत कच्चा वाटतो. मर्टनने स्वतः दाखवले होते की प्रकार्यात्मक विश्लेषणावर स्थितिवादाचा आरोप होतो तसा क्रांतिकारकतेचाही होतो, आणि त्याची तुलना मार्क्सवादी विश्लेषणाशी करून त्याने ही पद्धत स्वतः कोणत्याच बाजूची नाही असे म्हटले. पुढे तसेच घडले. सॅम्युएल बोल्स आणि हर्बर्ट गिन्टिस यांनी १९७६ मध्ये लिहिले की शाळेतली शिस्त, आज्ञाधारकपणा आणि गुणांसाठीची धडपड भांडवली कारखान्याला हवा तसा कामगार घडवते. पार्सन्स म्हणतो शाळा समाजाला हव्या त्या भूमिकांसाठी माणसे निवडते, हे म्हणतात शाळा भांडवलाला हवी तशी माणसे घडवते. मूल्यमापन उलटे आहे, पण वाक्याची ठेवण तीच. हर्बर्ट गॅन्सने तर १९७२ मध्ये गरिबीची प्रकार्ये मोजून दाखवली: नकोशी कामे स्वस्तात होतात, शिळा पाव आणि जुन्या वस्तू विकल्या जातात, गरिबांवर देखरेख करणाऱ्या व्यवसायांना पोट भरता येते. त्याचा निष्कर्ष असा की ही प्रकार्ये सुस्थितीतल्या लोकांसाठी आहेत, आणि गरिबी दूर करण्याचे पर्याय त्यांना महाग पडतात म्हणून ती टिकते. मर्टनचा ‘कोणासाठी?’ हा प्रश्न इतक्या धारदारपणे दुसऱ्या कोणी वापरल्याचे माझ्या वाचनात नाही.

स्त्रीवादी टीका याच प्रश्नावर उभी आहे. १९५५ मध्ये पार्सन्स आणि रॉबर्ट बेल्स यांनी कुटुंबात पुरुषाकडे साधनात्मक (कमावण्याची) आणि स्त्रीकडे भावनिक भूमिका असते असे मांडले. बेटी फ्रीडनने १९६३ मध्ये आणि ॲन ओकलीने १९७४ मध्ये विचारले की ही वाटणी नेमकी कोणाच्या सोयीची आहे. इथे एका विशिष्ट काळातील, विशिष्ट वर्गातील घर हीच व्यवस्थेची गरज म्हणून मांडले गेले होते, आणि या घसरणीपासून पार्सन्सला वाचवणे मला शक्य वाटत नाही. माणसाला मूल्यांचे बाहुले केल्याची टीका डेनिस राँग यांनी १९६१ मध्ये केली; तीही पार्सन्सवर बरोबर बसते, मर्टनवर कमी.

उरते ती प्रयोजनवादाची टीका. तिचे नेमके स्वरूप असे: परिणाम काळाच्या ओघात नंतर येतो, मग तो आधीच्या गोष्टीचे कारण कसा होईल? माणसाच्या बाबतीत हेतू ही सोय असते. मी पाणी पिण्यासाठी उठतो, कारण पाण्याचा विचार आधी मनात येतो. समाजाला मन नसते, आणि अप्रकट प्रकार्य तर व्याख्येनेच कोणाच्या मनात नसते. कार्ल हेम्पेलने १९५९ मध्ये यात आणखी एक भर घातली. गरज अनेक मार्गांनी भागू शकते हे मान्य केले की गरजेवरून ‘हीच’ संस्था का आहे हे निष्पन्न होत नाही. फार तर या मार्गांपैकी एखादा असेल इतकेच निष्पन्न होते. म्हणजे मर्टनने दिलेला पर्यायांचा विचार मान्य केला की स्पष्टीकरण म्हणून प्रकार्याची ताकद कमी होते, आणि तो नाकारला तर अपरिहार्यतेचे खोटे गृहीतक परत येते.

जीवशास्त्रात हृदय रक्त फिरवण्यासाठी आहे असे निर्धास्तपणे म्हणता येते, कारण नैसर्गिक निवडीची प्रक्रिया त्या वाक्यामागे उभी असते. समाजात त्या जागी काय आहे? जी. ए. कोहेन यांनी १९७८ मध्ये मार्क्सच्या इतिहासविचाराचा बचाव करताना असे म्हटले की प्रक्रिया माहीत नसली तरी प्रकार्यात्मक स्पष्टीकरण खरे असू शकते. डार्विनच्या आधीही लोक अवयवांबद्दल योग्यच बोलत होते. यॉन एल्स्टर यांनी त्याला कडाडून विरोध केला: प्रक्रिया दाखवा, नाहीतर ती केवळ गोड वाटणारी कथा आहे. या वादात मी बहुतांशी एल्स्टरच्या बाजूचा आहे. मधला मार्ग आर्थर स्टिंचकोंब यांनी १९६८ मध्येच दाखवून ठेवला होता. त्यांच्या मते प्रकार्यात्मक स्पष्टीकरण हे एक कार्यकारणांचे वर्तुळ असते: काही ताण एखाद्या स्थितीला ढळवू पाहतो, ती ढळली की एखादी कृती वाढते, कृतीमुळे स्थिती सावरते, सावरली की कृती पुन्हा मंदावते. या वर्तुळाचा प्रत्येक दुवा तपासता येतो.

सोमवारच्या बैठकीला हीच कसोटी लावू. ती उतरंड टिकवण्यासाठीच भरते असे कोणाला म्हणायचे असेल तर त्याने दाखवले पाहिजे की काही कारणाने बैठका दोन-तीन महिने बंद पडल्या तेव्हा कोणाचा शब्द अखेरचा याबद्दल संदिग्धता वाढली. ती संदिग्धता कोणाला तरी बोचली. आणि ज्याला ती बोचली त्याच्याकडे बैठक पुन्हा सुरू करण्याचा अधिकार होता व त्याने ती केली. हे तिन्ही दुवे सापडले तर प्रकार्य हे कारणात सहभागी आहे. त्याऐवजी असे आढळले की पूर्वीच्या एका प्रमुखाने बैठक सुरू केली होती आणि ती बंद करण्याचा आदेश काढण्याचा कंटाळा सर्वांनी केला, तर उतरंड मांडली जाणे हा तिचा परिणाम खरा, पण कारण नाही. दोन्ही शक्यतांमध्ये बाहेरून दिसणारी बैठक हुबेहूब सारखीच असेल, आणि म्हणून नुसत्या निरीक्षणावर थांबणारा प्रकार्यवाद अपुरा पडतो. लक्षात घ्यावे की बैठक पुन्हा सुरू करणारा शोधताना आपण सत्ता शोधू लागतो. संघर्षवाद्यांचा रास्त मुद्दा या वाटेने, निराळ्या भांडणाशिवाय, आत येतो.

तिसऱ्या भागाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल. किंग्जली डेव्हिसने १९५९ मध्ये असे म्हटले होते की प्रकार्यात्मक विश्लेषण नावाची वेगळी पद्धतच नाही, भागांचा एकमेकांशी संबंध पाहणे हे तर सगळेच समाजशास्त्र करते. यात अतिशयोक्ती आहे, पण ‘याचा परिणाम काय, कोणावर आणि कोणाच्या नकळत’ हा प्रश्न आज सर्वच पंथांचे लोक विचारतात, हे नाकारता येत नाही. सत्तरच्या दशकात हे नाव मागे पडले; १९८५ च्या सुमारास जेफ्री अलेक्झांडर यांनी नव-प्रकार्यवाद या नावाने त्याची डागडुजी केली, आणि जर्मनीत निक्लास लुमान यांनी १९८४ च्या मुख्य ग्रंथात आणि त्याआधीच्या लेखनात प्रकार्याची कल्पनाच फिरवली. ज्या पर्यायांमुळे हेम्पेलला स्पष्टीकरण लंगडे वाटले, तेच पर्याय लुमानने विषयाच्या केंद्रस्थानी आणले: प्रकार्य म्हणजे एक समस्या ठरवायची आणि तिची वेगवेगळी उत्तरे शेजारी ठेवून तुलना करायची. कारण सांगितल्याचा दावाच सोडल्यामुळे प्रयोजनवादाचा आक्षेप तिथे बोथट होतो.

पार्सन्स मुळातून वाचावा का, याला माझे उत्तर: वाचावा, पण सुरुवात त्याच्यापासून करू नये. आधी मर्टनचे प्रकट आणि अप्रकट प्रकार्यांवरचे प्रकरण सावकाश, बटणांच्या उदाहरणासकट वाचावे. मग डेव्हिस-मूर आणि टुमिन हे दोन्ही लेख एकाच बैठकीत वाचावेत. दोन्ही छोटे आहेत. त्यानंतर पार्सन्सच्या १९५१ च्या ग्रंथातले आधुनिक वैद्यकावरचे दहावे प्रकरण घ्यावे, ज्यात रुग्ण-भूमिका आहे. सी. राइट मिल्सने १९५९ मध्ये त्याच ग्रंथातील लांबलचक उतारे घेऊन ते थोड्या साध्या वाक्यांत उतरवून दाखवले होते आणि त्याच्या शैलीची रेवडी उडवली होती. दहाव्या प्रकरणाला मात्र अशा अनुवादाची फारशी गरज लागत नाही. चार गरजांची चौकट परीक्षेसाठी पाठ करावी लागेल. ती मुळातून वाचण्यात घालवायचा वेळ लॉकवुडच्या १९५६ च्या लेखाला दिला तर तो अधिक सत्कारणी लागेल.